राईतले अकरा सादडे

६ जानेवारी २०२५, सोमवार

थर्मामीटर आला! दीड महिना मागत होतो. आल्या आल्या सरपंचाने तो पंचायतीच्या कार्यालयात स्वतःच्या खुर्चीमागे टांगला — पंख्याखाली. म्हणतो, "सुभेदार, हितंच बघत जावा की टेंपरेचर. राई काय लांब हाय?" वीरधवल नाव याचं. वय चौतीस, डोक्याला जेल, गाडीच्या काचेवर स्वतःचं नाव सोनेरी अक्षरांत. राईतली हवा पंख्याखाली मोजणारा हा माणूस आमच्या गावाचा कारभार बघतो. खिळ्यासकट काढून आणला. सही मागितली, दिली.

काम काय आहे ते एकदा इथे स्वच्छ लिहून ठेवतो. वीरधवलच्या ठरावावरून पुढे कोणाला काही कळायचं नाही, त्यात एका ओळीत तीन चुका आहेत. ओढ्याकाठी आमची राई आहे, एक एकर. तिच्यातून पाण्याची पाइपलाइन न्यायची आहे. त्याआधी राईची वही व्हायला हवी. झाड न् झाड, प्राणी, पक्षी, माती, तापमान, ओल — सगळं नकाशासकट. ग्रामसभेचा ठराव असा: ज्या जातीचं झाड राईत पंचवीसपेक्षा जास्त आहे, ते लाइनीच्या आड आलं तर तोडायचं. पंचवीस किंवा कमी असेल तर हात लावायचा नाही, लाइन वळवायची. साधी गोष्ट आहे. मोजता आलं पाहिजे, एवढंच.

आणि या गावात मोजता येतं एकट्या मला. तोफखान्याच्या सर्व्हे युनिटमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. गोळा कुठे पडणार ते आम्ही आधी कागदावर काढायचो, मग तोफ बोलायची. इथे लोक स्वतःच्या बांधाची दिशा हात हलवून दाखवतात. "त्या अंगाला." कुठल्या अंगाला?

८ जानेवारी, बुधवार

राई आखली. शंभर मीटर लांब, चाळीस मीटर रुंद. दहा-दहा मीटरचे चाळीस चौकोन. चार ओळी — क, ख, ग, घ. घ ओळ ओढ्याला लागून. पंचायतीने खुंट्या पाठवल्या त्या ओल्या लाकडाच्या, ठोकताना टोकं मुडपली. घरच्या पहारीने भोकं पाडून मग ठोकल्या. सुतळी ओढली, कंपास लावला. चारी कोपऱ्यांचा मेळ बसला — चूक चार सेंटिमीटर. युनिटमध्ये यावर शिव्या खाल्ल्या असत्या. इथे टाळ्या वाजवतील, पण त्यांना कळलं तर.

हेल्पर म्हणून माला. म्हणजे आमचं कुटुंब, विजयमाला. सुतळीचं दुसरं टोक धरायला कोणी तरी हवंच. गावातले पुरुष आले नाहीत, त्यांना पारावर बसून रस्त्याने जाणाऱ्या गाड्या मोजायच्या असतात. तेवढं मोजणं जमतं त्यांना.

११ जानेवारी, शनिवार

कामाची पद्धत ठरली. मी झाडाची जागा घेतो, चार फुटांवर घेर मोजतो, पत्र्याचा नंबर ठोकतो. माला नाव सांगते. मी लिहितो.

मला झाडांची नावं येत नाहीत. यात लाज कसली? राजस्थानात झाडं नव्हती, सियाचीनच्या वाटेवर नव्हती, आणि काश्मिरात झाडाकडे बघायचं ते आडोसा म्हणून. त्यानंतर दहा-अकरा वर्षं पुण्यात एका कंपनीची सिक्युरिटी बघितली, तिथे कुंड्या होत्या. नावं सांगणं हे काही फार डोक्याचं काम नाही. ती गुरं घेऊन, सरपण घेऊन इथे तीस-पस्तीस वर्षं फिरते आहे, येणारच.

क ओळ संपली. जांभूळ, हिरडा, अंजनी, कुंभा, सादडा. सादडा फार. काळं कुळकुळीत खोड, भेगाच भेगा. ओळखायला सोपा, हा आता मलाही येतो.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सात वाजता बांधावर १४ अंश, राईत १२. कोणी म्हणेल दोन अंशांनी काय होतं. असं म्हणणाऱ्यांच्याच हाती गाव आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम बंद. गोड बोलायची सक्ती वर्षातून एकच दिवस आहे हे बरं.

१६ जानेवारी, गुरुवार

वीरधवल राईत आला! पांढरे बूट घालून. नकाशाकडे बघितलं, उलटा धरून. मग म्हणाला, "सुभेदार, एखादा वाघ टाका की. वाघ आसला तर पेपरात येतं." मी म्हटलं, वाघ नाही. "बिबट्या तरी?" भाजी घेतोय जणू.

जे आहे ते लिहिलं. भेकराच्या लेंड्या ख-६ मध्ये. साळिंदराचे दोन काटे, ग-३. शेकराची घरटी तीन, पैकी एक जुनं. गव्याचं शेण ओढ्याकडेला, आठवडाभरापूर्वीचं — हे मालाने पायाने उलटून सांगितलं. भेकराचंही तिनेच. मला ती सगळी शेरडाचीच वाटत होती. वहीत "निरीक्षणावरून" असं लिहिलं आहे.

१९ जानेवारी, रविवार

घ ओळ. ओढ्याच्या काठावर उंच झाडं आहेत, पांढुरकी, गुळगुळीत खोडाची. साल पापुद्र्यांनी सुटते. मुळं थेट पाण्यात उतरलेली. मी विचारलं, हे काय? माला जरा थांबली. मग म्हणाली, "सादडा."

मी म्हटलं, सादडा काळा असतो, भेगाळ. हा पांढरा आहे.

"ह्यो बी सादडाच."

एका झाडाला दोन रंग! पुन्हा विचारलं तर तिकडे तोंड करून सुतळी गुंडाळायला लागली. अशी उत्तरं युनिटमध्ये जवानाने दिली असती तर पाठीवर पिठ्ठू घेऊन मैदानाला फेऱ्या मारल्या असत्या. शेवटी "सादडा" लिहिलं, शेऱ्यात "खोड पांढरे". असे अकरा. जागा मात्र पक्क्या घेतल्या, सेंटिमीटरपर्यंत.

दुपारी दोनला बांधावर ३१ अंश, या झाडांखाली २६. मोठा फरक. माला म्हणाली, "ही पाणी धरून ठेवत्यात, म्हनून. हितं उन्हाळ्यात बी वाळू उकरली तर वंजळभर पाणी लागतंय." हे वाक्य मी जरा शुद्ध करून निष्कर्षात घातलं आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

वही पूर्ण! चाळीस चौकोन, ३१८ झाडं. त्यात सादडा ५३, जांभूळ ४४, बाकीचे खाली तक्त्यात. नकाशा शाईने काढला, उत्तर दिशा, प्रमाण, सूची, सगळं. शेवटच्या पानावर एक रकाना आहे — "जाणकार व्यक्तीचे नाव". सुभेदार अर्जुन सपकाळ, निवृत्त. सही.

माला चहा घेऊन आली तेव्हा नकाशाकडे बघत उभी राहिली. "ही ठिपकं म्हंजी झाडं व्हय?" म्हटलं, होय. "लय बारीक दिसत्यात." मी वही मिटली, चहा सांडायची भीती.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. वीरधवलचं भाषण वीस मिनिटं. तीन वेळा "लोकशाहीचा विजय असो", एकदा झेंड्याऐवजी माइककडे बघून सलाम. मग वही त्याच्या हातात दिली, सगळ्या गावासमोर. त्याने ती चाळली आणि हसत म्हणाला, "आता ह्यातलं खरं किती आन् खोटं किती, कुणाला ठावं?" लोक हसले.

माझं डोकं फिरलं. माइक घेतला आणि सांगितलं: या वहीत एक चूक दाखवा, एक! याच झेंड्याखाली मिशी उतरवीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीरधवलनेही. मिशी नुसती केसांची नसते, एकोणीस वर्षांचा होतो तेव्हापासून आहे ही. घरी येताना छाती जरा भरून आली होती. चांगल्या अर्थाने. मालाने मात्र लगेच गोळी घेतली का विचारलं. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला तेव्हापासून हिला माझ्या प्रत्येक श्वासाचा हिशेब लागतो.

२ फेब्रुवारी, रविवार

सांगलीहून एक प्राध्यापिका आली. संयोगिता. वनस्पतिशास्त्र शिकवते. वय तीससुद्धा नसेल, गळ्यात दुर्बीण, पायात ट्रेकिंगचे बूट, हातात फोन. फोन झाडासमोर धरला की फोन नाव सांगतो! म्हणजे पगार फोनला द्यायला हवा. मुलांना घेऊन यायच्या आधी राई बघायला आली होती. नकाशा बघून म्हणाली, "सर, इतका नेटका नकाशा मी आमच्या विभागातसुद्धा बघितला नाही." बरी वाटली पोरगी.

मग घ ओळीत आलो. पांढऱ्या खोडाला हात लावून ती थबकली, नंबर बघितला, वही बघितली. "सर, हे सादडा नाहीत."

मी म्हटलं, सादडा आहेत. स्थानिक माणसाने सांगितलेलं नाव आहे. तुमचा फोन स्थानिक नाही.

"फोनचं राहू द्या सर. सादड्याची साल बघा, काळी, भेगा पडलेली. ही बघा. हा अर्जुन आहे. सगळे अकराच्या अकरा अर्जुन आहेत."

मला वाटलं थट्टा करते. माझं नाव वहीवर वाचलं आणि गंमत सुचली असेल. मी म्हटलं, बाई, अर्जुन माझं नाव आहे. साठ वर्षं झाली. माझ्या नावाचं झाड मला माहीत नसेल? ती हसली नाही. हळूच म्हणाली, "वहीवर सही तुमची आहे, दुरुस्ती तुम्हीच करायची. पण करा सर. यांच्यामुळे काठ धरून आहे."

गेली. काल कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं आम्हाला शिकवणार.

३ फेब्रुवारी, सोमवार

सादडाच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सादडा नाही.

सकाळी एकटा गेलो. क-४ मधल्या काळ्या खोडाला हात लावला, मग घ-४ मधल्या पांढऱ्याला. आंधळ्यालासुद्धा कळेल. मी मात्र दोन्हींचा घेर मोजला, उंची मोजली, जागा घेतली, आणि दिसलं काही नाही. अठ्ठावीस वर्षांची सर्व्हेगिरी! थू.

घरी येऊन मालाला समोर बसवलं. हे झाड कोणतं? खरं सांग. तिने पदर सारखा केला.

"सादडा."

माला!

"त्येच्या आदी तुमचं नाव लावत्यात. मी मागचं तेवढं सांगितलं."

मला कळायला वेळ लागला. अर्जुनसादडा म्हणतात त्याला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून हिने पुढचं गाळलं आणि नुसतं सादडा ठेवलं! एकविसाव्या शतकात! मी ओरडलो असणार, कारण बाहेर अंगणात धुणं वाळत घालणारी शेजारीण आत डोकावून गेली. म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं?

"मला वाटलं, तुमचं झाड तुमाला ठावं आसंल."

५ फेब्रुवारी, बुधवार

या खुळचटपणाची पूर्ण चौकशी केली, नोंद करून ठेवतो.

विचारलं: नाव घेतलं तर काय होतं? म्हणाली, "नवऱ्याचं आयुष्य कमी हुतंय. जितक्यांदा घ्यावं, तितक्यांदा." म्हटलं, मग बाकीच्या बायका उखाण्यात घेतात त्या? त्यांचे नवरे जिवंत आहेत, दुर्दैवाने. त्यातल्या एकीचा वीरधवल आहे. म्हणाली, "त्या घेऊ द्यात. मी न्हाई घेत. आदी मी नायकांचं म्हनायची, मग हवालदारांचं, आता सुभेदारांचं. तुमच्या परमोशनसंगं माझा उखाणा बदलत ग्येला."

पस्तीस वर्षं लग्नाला. एकदाही नाही. मी आठवून बघितलं, खरंच एकदाही नाही. आधार कार्डाच्या वेळी? म्हणाली, कागदावर लिहून दिलं. लिहायला चालतं, बोलायला नाही! म्हटलं, मग वहीत लिहून द्यायचं.

"वही तुमी कवा दिली माझ्या हातात?"

यावर मी विषय बदलला. म्हटलं, हे सगळं भंपक आहे, शिकल्या-सवरलेल्या माणसाच्या घरात शोभत नाही. ती भांडी घासत होती, मागे न बघता बोलली. "कारगिलला वर गोळं पडत हुतं तवा तुमाला कुणी राखलं?" मी म्हटलं, बंकरने. शिस्तीने. युनिटने. "व्हय," म्हणाली. "आन् दोन वर्सामागं छातीत कळ आली, तवा?" डॉक्टरने! स्टेंटने! "व्हय," म्हणाली, आणि कढई पालथी घातली.

या बाईशी वाद घालता येत नाही, ती प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणते.

८ फेब्रुवारी, शनिवार

पंचायतीत मीटिंग. लाइनीचा मार्ग ठरला — घ ओळीतून, ओढ्याच्या काठाकाठाने. वीरधवलने माझीच वही उघडून वाचली, बोट ठेवून. "सादडा त्रेपन्न. पंचवीसच्या वर. म्हंजी काठावरची अकरा तोडायला हरकत न्हाई. सुभेदारांची वही हाय, त्यात चूक निघायची न्हाई." आणि माझ्याकडे बघून हसला. माहीत आहे त्याला? कसं माहीत असेल? हा माणूस गाजर आणि मुळ्यात फरक करू शकत नाही.

अर्जुन असते तर अकरा. पंचवीसच्या आत. हात लावता येत नाही, लाइन वळवावी लागते.

तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. सगळे होते, सव्वीस जानेवारीला टाळ्या वाजवणारे सगळे. एक ओळ बोलायची होती: बेचाळीस सादडे आणि अकरा अर्जुन, माझी चूक झाली. बस्स. आणि मग झेंड्याखाली खुर्ची, न्हावी, आणि वीरधवलचा मोबाइल व्हिडिओ काढायला. नाही.

लेखी दुरुस्ती देतो. गुपचूप. त्याला जास्त अर्थ आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुरुस्तीचा कागद लिहिला. चांगला झाला. खिशात आहे.

माला रोज विचारते, "सांगितलं?" मी म्हणतो, सांगतो. ती पुढे काही बोलत नाही. हे तिचं न बोलणं फार वाईट असतं, बोलली तर निदान उत्तर देता येतं. आज दुपारभर ती राईत होती. परत आली तेव्हा हाताला त्या पांढऱ्या सालीची भुकटी लागलेली होती. काय करत होतीस विचारलं तर म्हणाली, "नंबराचं पत्रं ढिलं झालं हुतं, ठोकलं." माझे पत्रे ढिले होत नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उद्या तोडायच्या झाडांवर खुणा करणार. मेढ्याहून वनरक्षक येतोय. सकाळी पंचायतीपर्यंत गेलो होतो. वीरधवलच्या गाडीत गाणी चालू होती, आठ-दहा जण भोवती. परत आलो. कागद खिशात घामाने मऊ पडला आहे.

मला साठ वर्षांच्या आयुष्यात कोणी भित्रा म्हटलेलं नाही. कोणी म्हणणारही नाही, कारण कोणाला कळणार नाही. तसं बघितलं तर झाडंच आहेत. अकरा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

दहा वाजता राईत पोहोचलो. वीरधवल, त्याचे दोन चमचे, लाल रंगाचा डबा घेतलेला एक मजूर. वनरक्षक मानसिंग, चाळिशीचा, कमी बोलणारा. माझ्या हातातल्या नकाशाकडे त्याने आदराने बघितलं, हे मी नमूद करतो. मालाला येऊ नकोस म्हटलं होतं. आली होती. वरच्या बांधावर उभी.

मानसिंगने घ-२ मधल्या पहिल्या झाडाला हात लावला. वर बघितलं, खाली बघितलं. मग मला विचारलं, "सुभेदार, हा सादडाच का? वहीत तसं लिवलंय."

त्याला शंका आली होती. सरळ विचारलं होतं, अपमान न करता. याहून सोपी संधी कोणाला मिळत नाही. कागद खिशात होता. हात खिशात होता.

मी म्हटलं, "वहीत लिहिलंय तेच."

हे मी म्हटलं. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मला वेगळं आठवायला लागलं तर हे पान काढता येईल.

मजुराने ब्रश बुडवला. तेवढ्यात माला बांधावरून उतरली. चपला वरच काढून, अनवाणी. "थांबा जरा. त्यो सादडा न्हाई."

मानसिंग म्हणाला, "मग काय हाय, मावशी?"

सगळे तिच्याकडे बघत होते. वीरधवलचा एक चमचा हसला. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ. मला वाटतं ती वाट बघत होती. मी माझ्या बुटांकडे बघत होतो, त्यांना चिखल लागला होता.

"अर्जुन," ती म्हणाली.

मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता, म्हणजे तो शब्द त्या आवाजात. मानसिंग म्हणाला, किती आहेत? "अकरा." कोणकोणते, दाखवा, मी नंबर घेतो. आणि ती निघाली. ओढ्याच्या कडेने, दगडांवरून, पाण्यातून. प्रत्येक खोडावर तळवा ठेवायची आणि सांगायची. अर्जुन. पुढे जायची. अर्जुन. मानसिंग वहीत लाल शाईने सादडा खोडून लिहीत होता. मी मोजत होतो, दुसरं मला काय येतं? अकराव्याला ती जरा थांबली, श्वास घेतला, तेही सांगितलं. अकरा वेळा.

मानसिंगने वही मिटली. लाइन वळवावी लागेल म्हणाला. वीरधवलने खांदे उडवले, "वळवा मग," आणि फोनवर बोलत निघून गेला. मिशीचं कोणी काढलं नाही. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. ज्याची मला आठ दिवस भीती वाटत होती ते घडलंच नाही, कोणाच्या लक्षातच नव्हतं.

जाताना मानसिंगने शेवटचं पान उघडलं आणि जाणकाराच्या रकान्यात माझ्या नावाखाली एक नाव वाढवलं. मला विचारलं नाही. बरोबर केलं.

घरी येताना ती पुढे, मी मागे. तिने जेवायला वाढलं, आमटी रोजच्यासारखीच होती. मी एकदा "माला" म्हटलं, तिने वर बघितलं, मी मीठ मागितलं.

एक मात्र चांगलं झालं असं वाटतं. ते आयुष्याचं खूळ तिच्या डोक्यातून गेलं. पस्तीस वर्षांनी का होईना! नाही तर असं सहज, चारचौघांत, अकरा वेळा कोण घेईल?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून तिने तीनदा विचारलं, "छातीत कसं वाटतंय?" गोळी स्वतः माझ्या हातावर ठेवली आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग मनगट धरलं. नाडी बघता येत नाही तिला, नुसतं धरून बसली. म्हणजे तिचा विश्वास अजून तसाच आहे. काल नाव घेताना, अकराही वेळा, होता.